वऱ्हाडातील लघुव्यापार व वित्तव्यवहार

पश्चिम विदर्भातील, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील लहान व्यापारी, अडते, कारागीर व फेरीवाले यांच्या हिशेब ठेवण्याच्या, पत मिळविण्याच्या आणि रकमेची देवघेव करण्याच्या पद्धतींचा इतिहास हा कापसाच्या व्यापाराशी निगडित आहे. हुंडी व पेढी, विनियमित बाजार, सहकारी पतसंस्था, राष्ट्रीयीकृत बँका आणि २०१६ नंतर झपाट्याने पसरलेले डिजिटल व्यवहार असे त्याचे ढोबळ टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यात व्यवहाराचे साधन बदलले, तसा हिशेबाची वही कोणाच्या हाती आणि ती वाचता कोणाला येते, हा प्रश्नही नव्याने उभा राहिला. वित्तीय साक्षरता ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील हा प्रश्न वऱ्हाडात किमान दीडशे वर्षांचा आहे.

पार्श्वभूमी : वऱ्हाड हा निजामाच्या राज्याचा भाग होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला व १९०३ मध्ये प्रशासनाच्या दृष्टीने मध्य प्रांताला जोडण्यात आला. त्यापूर्वीही अमरावती ही कापसाची मोठी पेठ होती. १८४२ मध्ये तेथील एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये आढळते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावला व १८७१ मध्ये अमरावतीला जोडणारे फाटे सुरू झाले. यामुळे मुंबईच्या बाजारातील भाव वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या व्यवहारास थेट भिडला. मात्र भावाची वार्ता आणि भांडवल ही दोन्ही व्यापाऱ्याच्याच हाती राहिली.

हुंडी व पेढी : रोख रक्कम घेऊन दूरचा प्रवास करणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धोक्याचे होते. ठगांच्या बंदोबस्तासंबंधीच्या कर्नल स्लीमनच्या कागदपत्रांत अमरावतीच्या धनराज शेठ या सावकाराचा खजिना वाटेत लुटला गेल्याचा उल्लेख येतो. शिवाय निरनिराळ्या टांकसाळींची नाणी चलनात असल्याने एका नाण्याचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा द्यावा लागे. या दोन्ही अडचणींवर हुंडी हा उपाय होता. अमरावतीच्या पेढीवर रक्कम भरून घेतलेली हुंडी मुंबई, इंदूर वा हैदराबाद येथील आडत्याकडे पटविता येत असे. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी आणि ठराविक दिवसांनी पटणारी ती मुदती हुंडी होय. ज्या हुंडीची रक्कम केवळ ओळखीच्या व प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच द्यावयाची, तिला शाहजोग म्हणत. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत (पेठ) व तीही हरवल्यास तिसरी प्रत (परपेठ) काढण्याची सोय होती. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ती आकड्यात व अक्षरात तर लिहीतच, शिवाय तिच्या निम्म्या रकमेचा उल्लेख करून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहीत. हुंडणावळीचे दर हंगामाप्रमाणे बदलत. पैशाची सर्वाधिक चणचण कापूस विक्रीस येण्याच्या काळात भासे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील अशा लेखांसंबंधीच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या. [⟶ हुंडी].

पेढीवरील हिशेबाची पद्धत शिस्तबद्ध होती. दिवसभराची प्रत्येक रक्कम रोजकीर्दीत जमा व नावे अशा दोन बाजूंना लिहीत आणि सायंकाळी शिल्लक रोकड मोजून मेळ घालीत. मेळ बसल्याखेरीज दुकान बंद करावयाचे नाही, हा दंडक होता. रोजकीर्दीवरून खतावणीत प्रत्येकाचे खाते उतरवीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांची पूजा करण्याची प्रथा वऱ्हाडातील बाजारपेठांत अजूनही पाळली जाते. राजस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी पेढ्यांच्या वह्या बहुधा मुडिया अथवा महाजनी लिपीत असत, तर मराठी व्यापाऱ्यांच्या व वतनदारांच्या वह्या मोडीत असत. मुनिमाच्या हाताखाली उमेदवारी करून तरुणांना हे शिक्षण मिळे. ते पाढे, पावकी-निमकी, व्याजाचा तोंडी हिशेब आणि माणसाची पत जोखण्याची दृष्टी अशा स्वरूपाचे होते. त्या अर्थाने वऱ्हाडातील व्यापारी वर्ग वित्तव्यवहारात निरक्षर कधीच नव्हता.

कर्जदाराची स्थिती मात्र उलट होती. शेतकरी, विणकर वा किरकोळ दुकानदार यांना पेढीवरील लिपी वाचता येत नसे. त्यांच्या खात्यावर काय लिहिले आहे, हे सावकार सांगेल तेवढेच त्यांना कळे. देणे कालबाह्य होऊ नये म्हणून मुदतीपूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत आणि त्यावर कर्जदाराचा अंगठा उमटवीत. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य मानल्या. परंतु केवळ अशा नोंदींच्या आधारे कोणावर देण्याची जबाबदारी लादता येणार नाही, असेही त्यातच स्पष्ट केले. कायद्याचे हे संरक्षण न्यायालयापर्यंत पोहोचू शकणाऱ्यालाच उपयोगी पडे.

विनियमित बाजार : कापसाच्या खरेदीविक्रीत मापात खोट, कडता, धर्मादायाच्या नावाखाली होणारी कपात आणि रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरविला जाणारा भाव या गोष्टी सर्रास चालत. त्यांना आळा घालण्याचा भारतातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार विनियमित करण्यात आला (कारंजा हे गाव पुढे दीर्घकाळ अकोला जिल्ह्यात व १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात आहे). त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजार समित्या, परवानाधारक अडते, दलाल व मापाडी, ठरलेले शुल्क आणि उघड व्यवहार ही त्याची वैशिष्ट्ये होती. भारतीय कृषिविषयक शाही आयोगाने (१९२८) या पद्धतीची दखल घेतली. पण समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व असून उत्पादकांना पुरेसे स्थान नाही, हा तिचा दोषही दाखवून दिला. बाजाराच्या नियमनाने भाव उघड झाला, तरी उचल देणारा अडत्या आणि माल विकणारा शेतकरी यांचे परस्परसंबंध फारसे बदलले नाहीत. ज्याच्याकडून बी-बियाण्यासाठी उचल घेतली, त्याच्याच दुकानी माल नेणे भाग पडे.

बँका, सहकार व कर्जविषयक कायदे : बँक ऑफ बाँबेने अमरावती व अकोला येथे शाखा उघडल्या होत्या. ही बँक १९२१ मध्ये इंपीरिअल बँकेत विलीन झाली व १९५५ मध्ये इंपीरिअल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली. या बँकेचा व्यवहार मुख्यत्वे मोठे कापूस व्यापारी व पेढ्या यांच्याशी असे. लहान दुकानदाराला तिचा पैसा पेढीमार्फत, म्हणजे चढ्या व्याजाने मिळे. १९०४ व १९१२ च्या सहकारविषयक कायद्यांनंतर जिल्हा मध्यवर्ती बँका व गावपातळीवरील पतसंस्था उभ्या राहिल्या.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि कर्जाचा प्रश्न तीव्र झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. त्यामागे अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा पुढाकार होता. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर नियमित हिशेब ठेवण्याचे आणि प्रत्येक कर्जदाराला दरवर्षी त्याच्या खात्याचा सहीनिशी उतारा देण्याचे बंधन घातले. हिशेब जाणून घेणे हा कर्जदाराचा हक्क आहे, ही कल्पना या तरतुदीमुळे वऱ्हाडात कायद्याच्या भाषेत मांडली गेली. तिचा लाभ घेण्यास लागणारी अक्षरओळख मात्र बहुसंख्यांपाशी नव्हती. त्यामुळे शिक्षणाचा प्रसार व कर्जमुक्ती हे प्रश्न या भागात एकमेकांत गुंतलेले राहिले. पंजाबरावांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची अमरावतीत केलेली उभारणी (१९३२) व त्यांचे कर्जविषयक कार्य या दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो.

स्वातंत्र्यानंतरही परिस्थिती हळूहळू बदलली. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीनुसार (१९५१–५२) शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के, तर सावकारांचा सु. ७० टक्के होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक म्हणून सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे जबाबदारी आली. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. तिच्यामुळे कच्च्या कापसाच्या व्यापारातून खाजगी अडते दीर्घकाळ बाहेर पडले आणि कापसाचा पैसा सहकारी यंत्रणेमार्फत हप्त्यांनी मिळू लागला. चुकारे लांबले, की त्याचा परिणाम गावातील किराणा, कापड व कृषी साहित्याच्या दुकानांतील उधारीवर होई. २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना बाजार पुन्हा खुला झाला.

शहरांतील लहान व्यापाऱ्यांची गरज नागरी सहकारी बँका व पतसंस्था यांनी मोठ्या प्रमाणावर भागविली. अकोला अर्बन व अकोला जनता कमर्शियल या बँका व्यापारी समाजाच्या पाठबळावर वाढल्या. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेल्या पिग्मी ठेवीच्या धर्तीवर पतसंस्थांचे प्रतिनिधी रोज दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये गोळा करू लागले. अमरावतीच्या इतवाऱ्यातील भाजीविक्रेत्या किंवा अकोल्यातील चहाच्या टपरीवाल्यास बचतीचा हाच मार्ग जवळचा वाटे. कारण बँकेत जाण्यासाठी धंदा सोडावा लागत नसे. याखेरीज ओळखीच्या लोकांची भिशी असे. काही पतसंस्था बुडाल्या, तेव्हा पतसंस्थेतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते, ही गोष्ट ठेवीदारांना उशिरा उमगली. बँकांतील ठेवींना असलेली विम्याची मर्यादा २०२० पासून पाच लाख रुपये आहे.

कर व हिशेब : लहान व्यापाऱ्याच्या हिशेबपद्धतीत बदल घडवून आणण्यात बँकांपेक्षा करविषयक कायद्यांचा वाटा मोठा आहे. १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा, १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, २००५ चा मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर या प्रत्येकाने नोंदी ठेवण्याची नवी रीत लादली. त्यातूनच ‘कच्चे बिल’ व ‘पक्के बिल’ हा भेद बाजारात रूढ झाला. वही दुकानात आणि विवरणपत्र कर सल्लागाराच्या कार्यालयात, अशी विभागणी झाली. परिणामी स्वतःच्या धंद्याचे कागदोपत्री चित्र दुकानदारालाच अपरिचित राहू लागले. वस्तू व सेवा करात मालाच्या विक्रेत्यांसाठी नोंदणीची उलाढाल मर्यादा २०१९ मध्ये वीस लाखांवरून चाळीस लाख रुपये करण्यात आली. त्यामुळे अनेक लहान दुकानदार कराच्या जाळ्याबाहेर राहिले. पण त्याबरोबरच कर्जासाठी सादर करता येईल अशा औपचारिक नोंदींपासूनही ते दूर राहिले.

डिजिटल व्यवहारांचा प्रसार : २०१४ च्या जनधन योजनेमुळे घरोघरी बँक खाती उघडली गेली. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये एकात्मिक देयक प्रणाली (यूपीआय) आणली. तिच्यात एका बँक खात्यातून दुसऱ्यात रक्कम तत्काळ जाते आणि विक्रेत्याला केवळ क्यूआर संकेताचा छापील कागद पुरतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सु. ८६ टक्के नोटा त्यामुळे बाद ठरल्या. वऱ्हाडात हा कापसाच्या विक्रीचा ऐन हंगाम होता. त्यातच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्याने ग्रामीण व्यवहार अडले. व्यापाऱ्यांनी धनादेश देऊ केले. परंतु थकबाकीदार शेतकऱ्याला धनादेश नकोसा असतो, कारण खात्यात आलेली रक्कम कर्जापोटी वळती होण्याची धास्ती त्याला वाटते. रोखीचा आग्रह हा केवळ अज्ञानाचा परिणाम असतो, हा समज अशा उदाहरणांवरून अपुरा ठरतो.

टंचाई सरल्यावर बाजार बऱ्याच अंशी रोखीकडे परतला. डिजिटल व्यवहारांचा खरा विस्तार त्यानंतर स्मार्टफोन व स्वस्त इंटरनेट यांच्या प्रसाराबरोबर झाला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले आणि कोविडच्या काळात नोटा हाताळण्याची भीती त्यास पूरक ठरली. देशातील यूपीआय व्यवहारांची मासिक संख्या ऑक्टोबर २०१९ मध्ये शंभर कोटींवर, तर ऑगस्ट २०२३ मध्ये एक हजार कोटींवर गेली. रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारे ध्वनियंत्र दुकानांच्या गल्ल्यावर दिसू लागले. पडद्यावरील अक्षरे वाचण्याची गरज त्याने कमी केली. अक्षरओळख बेताची असलेल्या विक्रेत्यांनी ही पद्धत स्वीकारण्यामागे हे एक कारण आहे.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने पत व डिजिटल व्यवहार यांची सांगड घातली. पहिले दहा हजारांचे कर्ज फेडल्यावर वीस हजारांचे व नंतर पन्नास हजारांचे कर्ज, वेळेवर फेड केल्यास सात टक्के व्याज अनुदान आणि डिजिटल व्यवहारांवर वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत परतावा, असे तिचे मूळ स्वरूप होते. २०२५ मध्ये पहिल्या दोन टप्प्यांची रक्कम अनुक्रमे पंधरा व पंचवीस हजार करण्यात आली. २०१५ ची मुद्रा योजना, २०२० ची उद्यम नोंदणी व अनौपचारिक उद्योगांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेला उद्यम साहाय्य मंच हे याच दिशेचे अन्य उपक्रम होत.

अकोल्यातील डाळ गिरण्या, सरकी-तेल व जिनिंगचे उद्योग आणि अमरावतीतील कापड व तयार कपड्यांची घाऊक पेठ यांच्यात दोन प्रकारचे व्यवहार शेजारी शेजारी चालतात. ग्राहक दुकानदाराला देतो ती किरकोळ रक्कम डिजिटल झाली आहे. व्यापारी व्यापाऱ्याला देतो ती मोठी रक्कम मात्र अद्याप बऱ्याच अंशी उधारीवर, शब्दावर व मुदतीवर अवलंबून आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या अधिनियमात असूनही ते क्वचितच पाळले जाई. २०२३ च्या वित्त अधिनियमाने विलंबित देण्यांची आयकरातील वजावट प्रत्यक्ष चुकती केल्याच्या वर्षावर सोपविली, तेव्हा या बंधनाकडे बाजाराचे लक्ष वेधले गेले.

मेळघाटातील स्थिती वेगळी आहे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून जाहीर झाले. परंतु धारणी व चिखलदरा तालुक्यांतील अनेक पाड्यांवर मोबाइलचा संकेत पुरेसा नसल्याने आठवडी बाजारातील व्यवहार रोखीनेच होतात. कोरकू ही बहुसंख्यांची मातृभाषा असल्याने बँकेची मराठी वा हिंदी सूचनाही तेथे परकी ठरते.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८७ टक्क्यांहून अधिक आहे. मात्र अक्षरओळख म्हणजे वित्तीय साक्षरता नव्हे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत देशातील केवळ २७ टक्के प्रौढ वित्तीय दृष्ट्या साक्षर आढळले. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार अग्रणी बँका वित्तीय साक्षरता केंद्रे चालवितात. त्यांचा भर खाते, विमा व निवृत्तिवेतन यांच्या माहितीवर असतो. लहान व्यावसायिकाला तेवढ्याने भागत नाही. घर व धंदा यांचा पैसा वेगळा ठेवणे, विक्री व नफा यांत फरक करणे आणि दररोज वसूल होणाऱ्या कर्जाचा वार्षिक दर काढणे ही त्याची निकड आहे. जुन्या रोजकीर्दीत सायंकाळचा मेळ सक्तीचा होता. भ्रमणध्वनीवर नोंद आपोआप होत असल्याने ती तपासण्याची सवय सुटते.

फसवणुकीचे प्रकारही बदलले आहेत. पैसे घेण्यासाठी संकेत स्कॅन करण्याची वा गुप्त क्रमांक टाकण्याची गरज नसते, हे ठाऊक नसल्याने अनेकांना फटका बसतो. अशा तक्रारींसाठी १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. पेठ-परपेठीची सोय आणि निम्म्या रकमेचा उल्लेख यांमागे जी सावधगिरी होती, तिचीच गरज नव्या साधनांतही कायम आहे.

डिजिटल नोंदींमुळे लहान विक्रेत्याच्या हाती स्वतःच्या उलाढालीचा पुरावा प्रथमच आला, हा या परिवर्तनाचा महत्त्वाचा लाभ होय. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील वह्यांनाही पुराव्याचे स्थान दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही केवळ वहीतील नोंदीवरून देणे सिद्ध होत नाही, हे १८७२ चे तत्त्व कायम आहे. मात्र या नोंदींवर प्रक्रिया करून पत ठरविणारी यंत्रणा बँका व खाजगी कंपन्या यांच्याकडे असते. कर्ज का नाकारले वा व्याजाचा दर कशावरून ठरला, हे विक्रेत्याला बहुधा कळत नाही. १९३४ च्या कायद्याने वऱ्हाडातील कर्जदाराला त्याच्या खात्याचा उतारा मिळवून दिला होता; तो उतारा वाचण्याची पात्रता शिक्षणाने पुढील दोन पिढ्यांत आली. यापुढील वित्तीय शिक्षणात नव्या नोंदी समजून घेण्याच्या व त्यांबाबत जाब विचारण्याच्या पात्रतेस तितकेच महत्त्व द्यावे लागेल.